वाया जाणाऱ्या पाण्याची चव

ब्रह्मगिरीच्या रांगेवर पडणाऱ्या पावसाला दोन समुद्र आहेत. पूर्वेला पडलेला थेंब गोदावरीत जातो, गंगापूर धरणात थांबतो, थोडासा आमच्या गंगापूर रोडच्या नळांना येतो आणि उरलेला जायकवाडी करत करत बंगालच्या उपसागराकडे निघतो. गोदावरीची लांबी १,४६५ किलोमीटर. म्हणजे प्रवास मोठा. त्याच रांगेच्या पश्चिमेला पडलेला थेंब वैतरणेत जातो. वाटेत मुंबईसाठी बांधलेली धरणं त्याला अडवतात. त्यांच्या तावडीतून सुटलेलं पाणी अर्नाळ्याजवळ अरबी समुद्राला मिळतं.

या दुसऱ्या थेंबाबद्दल नाशिकमध्ये वाढलेल्या कुणालाही एक वाक्य पाठ असतं: पश्चिमेचं पाणी समुद्रात वाया जातं. ते भाषणात असतं, पेपरात असतं, लग्नाच्या पंगतीतही असतं. मी स्वतः ते कित्येकदा म्हटलं आहे, आणि मराठवाड्याशी पाण्यावरून वाद पेटला की आमच्याकडचा प्रत्येक जण ते म्हणतोच. वैतरणा, उल्हास, दमणगंगा या खोऱ्यांतलं पाणी उचलून गोदावरीच्या खोऱ्यात टाकायच्या योजना याच वाक्यावर उभ्या आहेत.

मला या वाक्यातल्या ‘वाया’ या एका शब्दाची उलटतपासणी करायची आहे. साक्षीदार म्हणून मी कुणा माणसाला बोलावत नाहीये. खाडीच्या गाळात दोन शिंपांच्या मध्ये बसलेल्या एका मऊ प्राण्याला बोलावतोय. कोकणात त्याला जागेनुसार आणि जातीनुसार तिसऱ्या, मुळे, खुबे, शिनाणे, कालवं अशी नावं आहेत. आमच्याकडे समुद्र बर्फाच्या पेटीतून येतो, त्यामुळे नाशिककरांना ही सगळी मंडळी एकाच नावाने माहीत असतात: शिंपले.

मिठाचा हिशेब

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या रक्तात त्याच्या चौथ्या हिश्शाइतकेच. आपण हे प्रमाण मूत्रपिंडांच्या जोरावर राखतो. बाहेर काहीही होवो, आतलं मीठ हलू द्यायचं नाही, हा आपला बाणा.

शिंपल्याकडे असली यंत्रणा नाही. त्याच्या रक्ताचा खारेपणा बाहेरच्या पाण्याइतकाच असतो. पाणी खारट झालं की रक्त खारट, पाणी गोडं झालं की रक्तही पातळ. आता अडचण अशी की पेशीच्या आत काम करणारी प्रथिनं फार मीठ सहन करत नाहीत. सोडियम आणि क्लोराइड जास्त झालं की त्यांचा आकार आणि काम दोन्ही बिघडतं. म्हणून पेशी मीठ बाहेर ठेवते. पण मग पेशीच्या बाहेर दाट द्रावण आणि आत पातळ, अशी स्थिती होईल. पाणी नेहमी पातळाकडून दाटाकडे जातं, तेव्हा पेशीतलं पाणी निघून जाईल आणि ती मनुक्यासारखी सुकेल.

हे टाळायचं तर आत असं काहीतरी भरायला हवं, जे द्रावण दाट करेल पण प्रथिनांना त्रास देणार नाही. शिंपल्याने त्यासाठी निवडली अमिनो आम्लं. ग्लायसीन, अलॅनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल आणि टॉरिन. यातलं टॉरिन प्रथिनात कधीच गुंफलं जात नाही, ते पेशीत सुटंच फिरतं. १८२७मध्ये ते बैलाच्या पित्तात सापडलं म्हणून लॅटिनमधल्या ‘टॉरस’वरून त्याला हे नाव मिळालं. आज ते एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर छापलेलं असतं.

शाळेत आपण शिकतो की अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. शिंपल्याच्या घरी मात्र या विटांचा मोठा ढीग भिंतीत न बसवता अंगणात मोकळा ठेवलेला असतो. समुद्राचं पाणी आणि पेशी यांच्यातला तराजू सारखा ठेवायला तो लागतो.

चव घेणारा शास्त्रज्ञ

हा ढीग आहे, हे माणसाला कसं कळलं? सुरुवात जिभेपासून झाली.

बेल्जियममधल्या लिएज शहरात लिऑन फ्रेडरिक नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. १८७८मध्ये त्याने ऑक्टोपसच्या निळ्या रक्तातल्या तांबंयुक्त प्रथिनाला ‘हिमोसायनिन’ हे नाव दिलं. पुढे तो खेकड्यांकडे वळला. समुद्रातल्या खेकड्याचं रक्त समुद्राइतकंच खारट लागतं, निमखाऱ्या पाण्यातल्याचं कमी खारट आणि नदीतल्या चिंगाटीसारख्या प्राण्याचं जवळजवळ नाहीच, हे त्याने १८८०च्या दशकात नोंदवलं. पण त्याच समुद्री खेकड्याचं मांस रक्ताइतकं खारट लागत नाही. मग रक्त आणि मांस एकमेकांना चिकटून असताना पाणी इकडून तिकडे धावत का नाही? १९०१पर्यंत त्याचा निष्कर्ष तयार होता: मांसातल्या मिठाची कमतरता कुठल्यातरी सेंद्रिय पदार्थांनी भरून काढलेली असली पाहिजे.

पदार्थ कोणते, हे ओळखायला अर्धं शतक गेलं, आणि ते काम पुन्हा लिएजमध्येच झालं. मार्सेल फ्लॉर्किन आणि त्याच्या सहकाऱ्यांना त्यासाठी एक आयता प्राणी मिळाला होता. चिनी खेकडा. हा खेकडा जहाजांबरोबर युरोपात पोचला आणि १९१२मध्ये जर्मनीच्या नदीत सापडला. तो वाढतो नदीत आणि प्रजननासाठी समुद्राकडे जातो. एकाच प्राण्याला गोड्या पाण्यातून खाऱ्यात नेऊन त्याच्या स्नायूंत काय बदलतं ते मोजणं आता शक्य होतं. १९५०च्या दशकात उत्तर आलं: खाऱ्या पाण्यात सुटी अमिनो आम्लं भराभर वाढतात. पुढे कालवं आणि शिनाणे यांच्यातही तोच हिशेब सापडला.

१९८२मध्ये पॉल यान्सी आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं मोठं चित्र मांडलं. जिवाणू, वनस्पती, शिंपले, शार्क अशा एकमेकांशी दूरदूरचा संबंध नसलेल्या जीवांनी खारेपणाशी जमवून घ्यायला पुन्हा पुन्हा त्याच मोजक्या पदार्थांचा आधार घेतला आहे. मी कोड लिहिणारा माणूस. वेगवेगळ्या टीमनी एकमेकांना न विचारता तोच उपाय काढला, तर तो उपाय बहुधा बरोबर असतो, एवढं मला अनुभवाने माहीत आहे.

गोडवा कुठून येतो

ग्लायसीनचा शोध १८२०मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ब्राकोनोने लावला. जिलेटिन आम्लात उकळल्यावर त्याला गोड स्फटिक मिळाले. त्याला वाटलं, ही एक प्रकारची साखरच आहे. नंतरचं ‘ग्लायसीन’ हे नावसुद्धा ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं.

तिसऱ्यांच्या रश्शाला जो एक मंद गोडवा असतो, तो बराचसा हाच. अलॅनिनही गोड. ग्लुटामिक आम्लामुळे ती भरलेली, तोंडात रेंगाळणारी चव येते. त्या चवीला १९०८मध्ये जपानच्या किकुनाए इकेदाने ‘उमामी’ म्हटलं.

जपानी संशोधकांनी पुढे हे फार शिस्तीत तपासलं. १९८१मध्ये हायाशी, यामागुची आणि कोनोसू यांनी उकडलेल्या हिमखेकड्याच्या अर्कातले घटक शुद्ध रसायनांतून पुन्हा एकत्र केले आणि मग एकेक घटक वगळून चव घेतली. आम्ही बग शोधताना कोडमधली एकेक ओळ बंद करून बघतो, तसंच. ग्लायसीन काढलं की गोडवा गेला. ग्लुटामिक आम्ल काढलं की उमामी गेली. आणि सोडियम काढलं तेव्हा गोडवा आणि उमामी दोन्ही जवळजवळ कोसळले.

म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या शिंपल्याला जी चव असते, ती आपल्यासाठी नसते. मिठाशी झगडण्यासाठी त्याने जमवलेला दारूगोळा आपल्याला चविष्ट लागतो, इतकंच. पाणी जितकं खारट, तितका साठा मोठा. म्हणून एकाच खाडीतला शिंपला तोंडाशी आणि आतवर, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगळा लागू शकतो. तिसऱ्या फोडताना निघालेलं पाणी कोकणातल्या बायका टाकत नाहीत, गाळून कालवणात घालतात. एकशिपी करताना मांस शिंपेच्या एका बाजूला ठेवतात आणि ते नळाखाली धूत बसत नाहीत. कारण सुटी अमिनो आम्लं पाण्यात सहज विरघळतात. ती धुतली गेली की उरतं ते नुसतं चिवट मांस.

जून महिना

आता खाडीतल्या तिसरीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मे महिना. नदी आटलेली आहे, भरतीचं पाणी आतवर येतंय, खाडी जवळजवळ समुद्राइतकी खारट आहे. तुमच्या पेशी अमिनो आम्लांनी गच्च भरलेल्या आहेत. आणि जूनमध्ये सह्याद्रीवरून लोंढा येतो. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. बाहेरचं पाणी एकदम पातळ, आत दाट. पाणी पेशीत घुसायला लागतं. काहीच केलं नाही तर पेशी फुगून फुटेल.

पहिला उपाय: दार लावून घ्यायचं. शिंपा घट्ट मिटायच्या आणि आतलं खारट पाणी आतच ठेवायचं. पण बंद घरात ऑक्सिजन संपतो. इथे शिंपल्याचं दुसरं कौशल्य दिसतं. तो ऑक्सिजनशिवाय ऊर्जा मिळवतो, आणि त्यासाठी नुसतं साखरेचं इंधन वापरत नाही. ॲस्पार्टिक आम्ल हे आणखी एक अमिनो आम्ल तो सुरुवातीलाच मोडायला काढतो. त्यातून सक्सिनिक आम्ल बनतं, नायट्रोजन अलॅनिनच्या रूपात राखून ठेवला जातो. आपले स्नायू धाप लागल्यावर लॅक्टिक आम्ल करतात, त्यापेक्षा हा मार्ग प्रत्येक रेणूमागे थोडी जास्त ऊर्जा देतो. आत साचणारं आम्ल शमवायला तो स्वतःच्या घराची भिंतच वापरतो. शिंप म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि आपण ॲसिडिटीवर ज्या गोळ्या चघळतो त्यातल्या कित्येकांत हेच असतं. बंद शिंपला आतून आपली शिंप किंचित विरघळवतो, हे लुई-पॉल द्युगालने १९३९मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका शिंपल्यात दाखवलं.

पण पूर महिनोन्‌महिने चालतो, आणि दार कायम बंद ठेवता येत नाही. मग दुसरा उपाय: साठा सोडायचा. पेशी अमिनो आम्लं बाहेर टाकतात, रक्तातून ती मोडली जातात आणि त्यांचा नायट्रोजन अमोनिया होऊन पाण्यात जातो. पावसाळ्यापूर्वी मेहनतीने जमवलेली पुंजी तिसरी अक्षरशः पाण्यात घालते. ज्यांना हे वेळेत जमत नाही ते मरतात. मोठ्या पुरानंतर खाडीत शिंपल्यांचे सडे पडतात ते त्यामुळेही. ऑक्टोबरनंतर पाणी पुन्हा खारट व्हायला लागलं की साठा पुन्हा भरायचा: आधी अलॅनिन आणि प्रोलिन झटपट वाढतात, ग्लायसीन मागून, टॉरिन सर्वांत सावकाश.

दरवर्षी हे चक्र. दरवर्षी ही किंमत.

समुद्र नसलेल्या शहरातून

महाराष्ट्रात या चक्राची पद्धतशीर नोंद कुणी केली, हे शोधताना मला एक गंमत सापडली. रत्नागिरीत १९५८मध्ये सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र सुरू झालं. पुढे ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे गेलं. त्याच १९५८ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. समुद्रापासून इतक्या लांबच्या या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाने पुढची कित्येक वर्षं रत्नागिरीच्या शिंपल्यांवर काम केलं.

आर. नागभूषणम् आणि यू. एच. माने यांनी रत्नागिरीच्या उत्तरेला असलेल्या काळबादेवीच्या खाडीतल्या ‘कॅटेलिसिया ओपिमा’ या तिसऱ्यांच्याच कुळातल्या शिंपल्याच्या प्रजननाचा अभ्यास १९७५मध्ये प्रसिद्ध केला. १९७८मध्ये त्याच जोडीने रत्नागिरीच्या हिरव्या शिनाण्याच्या शरीरातले जैवरासायनिक घटक ऋतूनुसार कसे बदलतात, यावर ‘हायड्रोबायोलॉजिया’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात निबंध लिहिला. असल्या कामात काही झगमगाट नसतो. दर महिन्याला ओहोटीला गाळात उतरायचं, नमुने गोळा करायचे, पाण्याचा खारेपणा आणि तापमान बघायचं, मांस वाळवायचं, वजन करायचं, प्रथिनं, चरबी, ग्लायकोजेन मोजायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

याच शहरात जायकवाडीचं पाणी येतं. जायकवाडीत नाशिकच्या धरणांतून सुटलेलं पाणी येतं. म्हणजे ज्या शहराशी आमचं पाण्यावरून भांडण, त्याच शहरातल्या लोकांनी पश्चिमेच्या पाण्याचं समुद्राशी काय होतं, हे महिनोन्‌महिने मोजून ठेवलं. आणि आम्ही मात्र त्या पाण्याला ‘वाया’ म्हणत बसलो.

भाडं

शिंपल्याला पुराची एवढी किंमत मोजावी लागते, तर तो सरळ खुल्या समुद्रात का राहत नाही? पूर थांबला तर त्याचं भलंच होईल, असंही कुणी म्हणेल.

उत्तर खाडीत आहे. पावसाळ्याचा लोंढा डोंगरातून नायट्रेट आणि सिलिका घेऊन येतो. त्यावर सूक्ष्म शैवालं वाढतात आणि शिंपला तीच गाळून खातो. दुसरं म्हणजे, शिंपला खाणारे समुद्रातले बरेच प्राणी, उदाहरणार्थ शिंपेला भोक पाडणाऱ्या गोगलगाई आणि तारामासे, गोड्या पाण्यात तग धरत नाहीत. पूर त्यांना हाकलतो. तिसरी दार लावून घेऊन, अमिनो आम्लं खर्चून तग धरते. शत्रूला परवडत नाही असं भाडं भरून ती या घरात राहते. पूर हाच तिचा पहारेकरी.

हे कळलं की ‘वाया’ हा शब्द अडखळायला लागतो. आणि आपण या भाड्यात दोन्ही बाजूंनी फेरफार केला आहे.

वैतरणेच्या खोऱ्यात पाणी कमी झालं. १८९२मध्ये तिच्या उपनदीवर तानसा धरण, १९५७मध्ये वैतरणेवर मोडक सागर, मग नाशिक जिल्ह्यात अप्पर वैतरणा, २०१४मध्ये मध्य वैतरणा. प्रत्येक धरणाने मुंबईची तहान भागवली, आणि प्रत्येकाने खाडीकडे जाणारा लोंढा थोडा थोडा कापला.

वाशिष्ठीत उलटं झालं. कोयना मुळात पूर्वेला वाहून कृष्णेला मिळणारी नदी. १९६२पासून तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजघरात उतरवलं जातं आणि वीज झाली की चिपळूणजवळ वाशिष्ठीत सोडलं जातं. कृष्णा लवादाने यासाठी ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेकडे वळवायला मान्यता दिली. उन्हाळ्यात जी खाडी खारट व्हायची, तिथे आता बारा महिने गोडं पाणी येतं. सरकारी भाषेत या पाण्याला ‘अवजल’ म्हणतात. ते पुन्हा उचलून दुसरीकडे न्यायच्या योजनाही अधूनमधून पुढे येतात. तेव्हाही कारण तेच सांगतात: समुद्रात वाया जातंय.

शिंपल्याच्या दृष्टीने एका खाडीत पावसाळा आखूड झाला आणि दुसऱ्या खाडीत तो संपतच नाही. त्याच्या पेशी खारेपणाच्या ज्या तालावर साठा भरायला आणि सोडायला शिकल्या, तो ताल घाटावरच्या दरवाज्यांच्या वेळापत्रकाने ठरायला लागला. ते वेळापत्रक सातारा, नाशिक आणि मुंबईच्या कार्यालयांत बनतं. ओहोटीला गाळात वाकून तिसऱ्या काढणाऱ्या बाईला ते कुणी दाखवत नाही. टोपली हलकी लागली की तिला ते समजतं.

मी धरणांच्या विरोधात लिहीत नाहीये. गंगापूर रोडवर राहून, धरणाच्या पाण्याने अंघोळ करून, तसं लिहिणं ढोंगीपणाचं होईल. दुष्काळी तालुक्यांना पाणी हवंच आहे. पाणी वळवायचं की नाही, यावर खरी चर्चा व्हायला हवी. पण हिशेबाच्या एका रकान्यात आधीच शून्य लिहून ठेवलं, तर ती चर्चा होत नाही. खाडीला मिळणाऱ्या पाण्याची किंमत शून्य, असं गृहीत धरलं की कुठलीही योजना कागदावर फायद्याचीच दिसते.

तो रकाना भरायला फार मोठं काही लागत नाही. पाणी वळवण्याआधी त्या नदीच्या खाडीतला खारेपणा वर्षभर, महिन्यामहिन्याला मोजायचा. तिथल्या शिंपल्यांचं मांस वाळवून त्यात काय किती आहे ते बघायचं. तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना विचारायचं की कुठल्या महिन्यात, कुठल्या पट्ट्यातला माल गोड लागतो. मग वळवल्यानंतर पुन्हा मोजायचं. कसं मोजायचं हे नागभूषणम् आणि माने १९७०च्या दशकात लिहून गेले आहेत. वैतरणेसाठी तशी वही उघडायची तर पाणी वळण्याआधीच उघडायला हवी. नंतर मोजलेल्या आकड्याला तुलनेसाठी मागचा आकडा मिळत नाही.